चाकं म्हणजे चपलाच

उज्जैन
३ डिसेंबर १९९६

चारू,

मायना काय लिहावा हे ठरेना. आजवर तुला चि. लिहीत आले. पण देवास गेटला तुझं पोस्टर लागलंय आणि त्यावर 'विदुषी चारुलता पोतनीस' असं तुझ्या फोटोहून मोठ्या अक्षरांत छापलंय. विदुषीला चिरंजीव कसं म्हणायचं? म्हणून नुसतं नाव लिहिलं. रागवायचं तर रागव. दोन वर्षं आपण बोलत नाही, त्यात ही भर.

पोस्टर ऑफिसातून परतताना ऑटोतून दिसलं. खाली स्कूटरच्या शोरूमची जाहिरात, तुझ्या तंबोऱ्याएवढी मोठी स्कूटर. रविवार, १२ जानेवारी, सकाळची मैफल, नानाखेडा. ऑटोवाल्याला म्हटलं, "भैया, जरा रोको." त्याने विचारलं, "दीदी, कोई पहचान की हैं क्या?" मी म्हटलं, "हां, थोडी-बहुत."

मला तुझ्या गाण्याला यायचंय. एवढं सांगायलाच हे पत्र. फोन करता आला असता. दिवसभर एक्स्चेंजमध्ये बसून लोकांना नंबर सांगते, स्वतःसाठी एक लावणं कठीण नव्हतं. पण फोनवर तू "हो हो ताई, बघते" म्हणतेस, मागे कुणीतरी तुला चहा आणून देतं आणि विषय संपतो. कागदावर 'बघते' म्हणायला तुला पेन उचलावं लागेल.

आपण का बोलत नाही, हे तू लोकांना काय सांगतेस ठाऊक नाही. मी सांगते. त्या टीव्हीच्या मुलाखतीत त्या बाईने तुला विचारलं, तुमच्या गाण्यात एवढी करुणा कुठून येते? आणि तू मान तिरकी करून म्हणालीस, "माझी मोठी बहीण अपंग आहे. लहानपणी तिला पोलिओ झाला. मी तिच्यासाठी गाते." केबल आल्यापासून आपल्या गल्लीत दुसरा उद्योग कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू डबाभर लाडू घेऊन आल्या आणि माझा हात हातात धरून बसल्या. अगं, घरात कुणी मेलं होतं का? मला शिसारी आली. लाडवांची नाही, तुझ्या त्या तिरक्या मानेची.

माझ्यासाठी गातेस ना? मग मी तुझी एकही मैफल ऐकलेली नाही, हे त्या बाईला का नाही सांगितलंस?

इंदूरला आले होते, आठवतं? हॉल वरच्या मजल्यावर. चार कार्यकर्त्यांनी माझ्या कुबड्या काढून घेतल्या, मला हॉलच्या एका खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. एकाच्या तोंडाला गुटख्याचा वास, दुसऱ्याचा हात माझ्या काखेत, जिथे हात घालायचं त्याला काही कारण नव्हतं. "हल्की है यार," असं एक जण म्हणाला, पोतं उचलताना म्हणतात तसं. जिन्याच्या वळणावर त्यांनी मला खाली ठेवलं, कारण वाद्यं वर जायची होती. तुझे तंबोरे माझ्या समोरून गेले. "धीरे, धीरे, कोना बचाके," असं म्हणत दोघं जण एकेक तंबोरा जपून नेत होते. मी भिंतीला टेकून वाट पाहत होते. तेव्हा मी म्हटलं, मला खाली न्या. तुला निरोप गेला, ताईला बरं वाटेना म्हणून परतली. मला उत्तम बरं होतं. किळस आली होती.

त्यानंतर खांदे गेले, कुबड्या सुटल्या, चाकाची खुर्ची आली. तुझ्या कॅसेटी आहेत माझ्याकडे, सगळ्या. पण कॅसेटमध्ये तू माझ्याशी गात नाहीस, माइकशी गातेस. तू समेवर आलीस की शेजारच्या अनोळखी माणसाची मान डोलते आणि तो आपल्याकडे बघतो, 'ऐकलंत ना?' असं. ते मला हवंय. तुझं गाणं ऐकून मी कुणा परक्या माणसाकडे बघितलेलं नाही कधी.

तिकीट मी काढलंय. पास पाठवू नकोस.

सुलू


उज्जैन
१४ डिसेंबर १९९६

चारू,

तुझं उत्तर नाही. असो. दौऱ्यावर असशील.

जयंत कोरान्ने आठवतो ना? आपल्या शेजारचा, तुझ्याबरोबर गाणं शिकायला जायचा आणि ताल सापडेना म्हणून बँकेत लागला. तो आता स्वरशारदा मंडळाचा सचिव आहे. तुझी मैफल त्याच्याच गळ्यात. त्याला बोलावून घेतलं.

"ताई, तुम्ही काही टेन्शन घेऊच नका," तो म्हणाला. "आमचे चार मुलं लावून देतो मी. ऐसे उठाके ले जाएंगे की तुम्हाला पताच नाही चालणार."

म्हटलं, "मला पत्ता चालतो, जयंत. नेहमी चालतो. मला चाकं आहेत. तू हॉल दाखव."

तर मुक्ताला घेऊन गेले. मुक्ता म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची, तू तिला ओळखत नाहीस. जिभेला हाड नाही, पण माणूस लाखाचा. नानाखेड्याला बसस्टँडच्या पलीकडे नवीन मॅरेज हॉल झालाय. समोर संगमरवरी पायऱ्या, दोन्हीकडे सिमेंटचे हत्ती, मध्ये कारंजं. नवरदेवाने घोड्यावरून उतरून वर चढावं आणि फोटो काढावा, म्हणून एवढ्या पायऱ्या. मुक्ताने चौकीदाराला विचारलं, "भैया, पीछे से कोई रास्ता?"

"है ना मैडम. हलवाई वाला."

मागे गेलो. आणि चारू, तिथे उतार होता! छान रुंद, सिमेंटचा, बाजूला लोखंडी कठडासुद्धा. भगोने, गॅसच्या टाक्या, बर्फाच्या लाद्या ढकलत न्यायला. म्हणजे उतार बांधायची अक्कल या लोकांना नाही असं नाही. भगोना उचलून नेला तर कढी सांडते. माणूस सांडला तर पुसावं लागत नाही, म्हणून त्याला पायऱ्या.

उताराच्या पायथ्याशी खरकट्याचे ड्रम. पत्रावळ्या, द्रोण, आंबलेलं रायतं, आणि त्यात तोंड घालून डुकरं. एकाने माझ्या चाकाला नाक घासलं. मुक्ता नाकाला पदर लावून म्हणाली, "सुलू, इथून यायचं तू? पायऱ्यांवरून तो पैसे देणारा स्कूटरचा शोरूमवाला चढणार आणि तू इथून?"

मी म्हटलं, चालेल. मला गाणं ऐकायचंय, वरात नाही काढायची.

जयंतला तसं सांगितलं. तो खूश झाला आणि लगेच कान खाजवायला लागला. त्याचं हे लहानपणापासूनच आहे, अडचण आली की कान.

"पण ताई, ती चेअर अंदर नाही नेता येणार."

"का?"

"आत भारतीय बैठक आहे न. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाजम, त्याच्यावर पांढऱ्या चादरी. सगळे चपला बाहेर काढून येतील. सरस्वतीचा फोटो, समई. आणि चेअर तर रस्त्यावरून येते. म्हणजे बघा न, चाकं म्हणजे चपलाच झाल्या."

हे त्याने इतक्या सोज्वळपणे सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, बरोबर बोलतोय. पूर्वी कॅलिपरचे बूट दारात काढायला सांगायचे, ते पायालाच बांधलेले असतात हे कळेपर्यंत माझ्या गुडघ्यांकडे बघत राहायचे. आता खुर्ची.

मी म्हटलं, "तू चपला काढून चालत आत जातोस, जयंत. मी ही चप्पल काढली तर माझे पाय बाहेर राहतात."

"नाही नाही, खुर्ची एकदम सेफ राहील. चप्पल स्टँडवर टोकन देऊ न आपण!"

मी चाकं धुऊन येते म्हटलं. चाकांना स्वच्छ फडकं गुंडाळते म्हटलं. दारापाशी कोपऱ्यात बसते, तेवढं जाजम दुमडा म्हटलं. दर वेळी तो "देखते हैं, देखते हैं" म्हणाला. देखते हैं म्हणजे नाही, हे उज्जैनमध्ये जन्मलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून तुला लिहिते. तू एक शब्द टाक. कलाकाराचा शब्द हे लोक देवाचा समजतात. जाजमाची एक कड दुमडायची आहे, दुसरं काही नाही.

सुलू


उज्जैन
२७ डिसेंबर १९९६

चारू,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, धावत सुटल्यासारखं.

तू लिहितेस, आदल्या दिवशी घरी येशील आणि खास माझ्यासाठी गाशील. तबला, पेटी, सगळा ताफा आणशील. 'फक्त तू आणि मी, ताई, तुला कसलाही त्रास नको.' वाचून रडू यावं अशी तुझी इच्छा असावी. मला राग आला.

घरी गाणं मी जन्मभर ऐकलंय. तू पलीकडच्या खोलीत रियाज करायचीस, मी अलीकडे पडून. वर्गाच्या सहली गेल्या की बाई मला येताना बोरं आणून देत. लग्नाला सगळे गेले की जेवणाचा डबा घरी येई. सिनेमाची गोष्ट आई आल्यावर सांगायची. माझं अख्खं आयुष्य घरपोच आलंय. आता तुझं गाणंही डब्यात घालून आणणार?

मला गर्दीत बसायचंय. माझ्यापुढे कुणी उंच माणूस बसावा आणि मी चिडावं. कुणाचं पोर रडावं. कुणीतरी चुकीच्या जागी वाहवा करावी. एकटीसाठी गाणं म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी म्हटलेलं स्तोत्र. मी आजारी नाही.

आणि आता खरी गोष्ट. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी जयंत आला. मी म्हटलं, चारूने तुला काही कळवलं का? तर त्याने कान खाजवला. बराच वेळ. मग म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्यावर नाराज होता, पण हे आमच्या हातात नाही. चारूताईंनीच फोनवर सांगितलंय. हॉलमध्ये एकही खुर्ची दिसता कामा नये, नाही तर मैं नहीं गाऊंगी. आता त्यांचीच अट, आम्ही कशी मोडू?"

तुझीच अट. आणि चार पानांच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही! ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय कधी लागली तुला?

मी जयंतला खोदून विचारलं. त्याने सगळं सांगितलं. पूर्वी एका मैफलीत पुढच्या ओळीत प्रायोजकांना सोफे टाकले होते. ते लोक पायावर पाय टाकून, तुझ्याकडे बुटांचे तळवे करून बसले, एकाचा मोबाइल वाजला, आणि मागे खरे ऐकणारे जमिनीवर. तेव्हापासून तू ठरवलंस, बसतील तर सगळे जमिनीवर. कलेक्टर असो की चपराशी.

मुद्दा मला पटतो. इतका पटतो की तुझं कौतुक वाटलं असतं, आणि म्हणूनच जास्त संताप येतो. सोफ्यावरचा माजोरी माणूस आणि खुर्चीवरची मी, तुझ्या अटीत दोघं एकच. जमिनीवर सगळे सारखे, हे कुणी ठरवलं? ज्याला मांडी घालता येते त्याने. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तसं झालं हे. शोरूमवाल्याचं काही बिघडलं नाही, त्याला पुढे गादी आणि लोड मिळेल. मी बाहेर.

मी एकटीच नाही. श्रीधरकाका आठवतात? बाबांचे मित्र, ज्यांनी तुला पहिला तंबोरा जुळवून दिला. गुडघे गेल्यापासून ते एकाही बैठकीला गेलेले नाहीत. परवा म्हणाले, "बेटा, आता आपलं काय, रेडिओ झिंदाबाद." मंडळाला ते का येत नाहीत हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गाण्यातला रस गेला.

घरी गायला येऊ नकोस. आलीस तर चहा मिळेल, पोहे मिळतील, वर शेव टाकून. गाणं नाही.

अट बदल. फोन कर जयंतला.

सुलू


उज्जैन
५ जानेवारी १९९७

चारू,

तू फोन केलास, जयंतने सांगितलं. आणि काय सांगितलंस? 'ताईला अगदी पुढे बसवा, मऊ गादी, दोन लोड, शाल, हीटर ठेवा.' जयंत आनंदाने नाचतच आला. "बघा ताई, चारूताईंचं तुमच्यावर किती प्रेम!"

कितीदा सांगू? माझी पाठ आधाराशिवाय बसत नाही. लोडाला टेकवलं की मी हळूहळू एका अंगाला कलते आणि कुणीतरी परक्याने मला सरळ करावं लागतं. जमिनीवर ठेवलेली मी लघवीला जाऊ शकत नाही, चारचौघांनी उचलल्याशिवाय. म्हणजे आदल्या दिवसापासून पाणी तोडायचं. हे मी केलंय, लग्नांत, तेराव्यांत, तुझ्या साखरपुड्यात. त्या दिवशी तू म्हणालीस, ताई किती कमी जेवते. हो, कमी जेवते.

खुर्चीत बसले की मी माणूस असते. खाली ठेवली की गाठोडं.

दिल्लीत आमच्यासाठी कायदा झालाय म्हणे, मागच्या वर्षी. आमच्या युनियनवाल्याने पेपरचं कात्रण दिलं. जयंतला दाखवलं तर म्हणाला, "ताई, तो सरकारी बिल्डिंगसाठी असेल. हे तर प्रायव्हेट आहे, आणि संगीत आहे." संगीत आहे! म्हणजे सरस्वतीच्या दरबारात कायदासुद्धा चप्पल स्टँडवर ठेवून यायचं.

मी येणार आहे. तिकीट आहे, उतार आहे, चाकं आहेत. जाजमावरून जाणार नाही, कुणाची चादर मळवणार नाही. दारात बसेन, जिथे जाजम संपतं तिथे. तुला काही करायचं असेल तर आधी कर. शांतपणे, फोनवर, कुणाला न कळता. तिथे काही करू नकोस.

सुलू


उज्जैन
१३ जानेवारी १९९७

चारू,

तू काल रात्रीच इंदूरहून गेलीस, असं कळलं. घरी आली नाहीस ते बरं केलंस. पोहे भिजवले होते, ते मुक्ताने खाल्ले.

काल तुला काय दिसलं ते तुला ठाऊक आहे. मला काय दिसलं ते लिहिते.

सकाळी कडाक्याची थंडी. आदल्या दिवशी हॉलवर लग्न होतं, आणि उतार कुणी धुतला नव्हता. शाही पनीर, गुलाबजामचा पाक, चिरडलेले पापड, वर दव पडून सगळं बुळबुळीत. मुक्ता मागून ढकलत होती आणि शिव्या देत होती. चाकं घसरत होती. माझे हात चाकांवर, म्हणजे त्या सगळ्या घाणीवर. वर पोचले तेव्हा बोटांच्या बेचक्यांत थंड तेलकट रस्सा होता. त्याचा वास अजून जात नाही, दोनदा साबण लावला.

बाजूच्या दारात मंडळाचा एक कार्यकर्ता उभा, झब्ब्यावर बिल्ला. त्याने माझ्या चाकांकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "अरे मैडम, ये देखिए, कितना गंदा है. इसको अंदर कैसे आने दें?"

कळलं का, चारू? यांनीच मला खरकट्यातून आणलं आणि यांनीच म्हणायचं, तुझी चाकं घाण. मुक्ता म्हणाली, "तुम्हारे ब्याह की सब्जी है भैया, हमारे घर की नहीं." तिने स्वतःच्या शालीने चाकं पुसली. नवी शाल. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. माझी नाही, सगळ्यांची.

त्याने खरंच टोकन पुढे केलं. पितळी, नंबर कोरलेलं. खुर्ची इथे ठेवा, मुलं उचलून आत नेतील. मी टोकन घेतलं नाही. दारातच थांबले. मागे चपलांची रांग, पुढे पांढरी चादर. तू स्टेजवर तंबोरे लावत होतीस.

आणि खरं सांगते, तेव्हा मी सुखी होते. षड्ज लागला आणि अंगावर काटा आला. माझ्या जवळच एक सरदारजी बसले होते, पगडी माझ्या बरोबर आड येत होती. मी मान वाकडी करून बघत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सुर तो देखो जी." मला म्हणाले, मला! मीही मान हलवली. बस, एवढंच हवं होतं. तू असंच गायला लागायचं होतंस.

पण तू मला पाहिलंस.

तू तंबोरा थांबवलास. माइक ओढून घेतलास. "एक मिनिट," म्हणालीस. "तिथे दारात माझी ताई बसली आहे. जिच्यासाठी मी गाते, तिलाच आत जागा नाही?" आवाज कापला तुझा. ठरवून कापला की नाही, मला सांगता येत नाही, आणि हेच मला सहन होत नाही. तू उठलीस, चादरींवरून चालत आलीस, आणि स्वतःच्या हाताने जाजम गुंडाळायला लागलीस. लगेच जयंत धावला, शोरूमवाला धावला. लोक सरकले. दारापासून स्टेजपर्यंत वाट झाली.

किती वेळ लागला, चारू? चहा गाळायला लागतो तेवढा. महिनाभर पत्रं लिहिली मी या एवढ्याशासाठी. 'सरस्वती', 'अट', 'देखते हैं', आणि एवढंच होतं ते. बाजूला सरकलं. कुणी मेलं नाही.

टाळ्या पडल्या. गाण्याला नाही, गाणं झालंच कुठे होतं? तुझ्या मनाच्या मोठेपणाला टाळ्या. फोटोवाला वाकून वाकून फोटो काढत होता. तू माझी खुर्ची स्वतः ढकलत नेलीस. मला न विचारता. मी "इथेच थांबव" म्हटलं ते तुला ऐकू आलं, कारण तू वाकून कानात म्हणालीस, "ताई, प्लीज." मला स्टेजच्या पुढ्यात, मधोमध, आडवं ठेवलंस. एका अंगाला तू, दुसऱ्या अंगाला सगळं उज्जैन. बायका डोळे पुसत होत्या. शोरूमवाल्याने मला गुच्छ दिला. वासावरून तो आदल्या दिवशीच्या लग्नातलाच असावा. आणि तू माइकवर म्हणालीस, "आजची मैफल मी ताईच्या पायांशी ठेवते."

माझे पाय, चारू. हॉलमधल्या प्रत्येक माणसाने त्या वेळी माझ्या पायांकडे पाहिलं. तुला कळलंसुद्धा नाही.

मी बाहेरच बरी होते. दारात मला त्रास होता, पण तिथे मी तिकीट काढलेली बाई होते. पुढ्यात मी तुझ्या गाण्याची प्रस्तावना झाले. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला. मुक्ताला हाक मारली. तिने खुर्ची वळवली. लोकांना वाटलं, मला भरून आलं. "बेचारी, रहा नहीं गया," असं कुणीतरी म्हणालं. तूही डोळ्यांना रुमाल लावलास. मला भरून आलं नव्हतं. ओकारी आली होती, आणि ती मी उताराच्या कठड्याला धरून खरोखर काढली.

तू आलाप सुरू केलास तेव्हा मी खाली ड्रमांपाशी होते. बाया भांडी घासत होत्या, त्यांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. ऑटो मिळाला आणि घरी आलो.

आजच्या पेपरात तू आहेस, जाजम गुंडाळताना. खाली लिहिलंय, 'स्वर से बड़ी संवेदना'. जयंत पेपर घेऊन आला होता. म्हणाला, "ताई, मंडळाचं नाव झालं." मी विचारलं, "पुढच्या बैठकीला कड दुमडलेली ठेवशील?" तर म्हणाला, "देखते हैं. ते तर चारूताई होत्या म्हणून." श्रीधरकाकांना त्याने बोलावलंच नव्हतं.

एवढा राग ओतूनही मला तुझं गाणं ऐकायचं आहेच, ही माझी पंचाईत. तोडून टाकायचं असतं तर हे लिहायला बसले नसते.

एप्रिलमध्ये भोपाळला तुझा कार्यक्रम आहे, जाहिरात पाहिली. आजपासून तुझ्या अटींत एवढं घाल: सोफे नकोत, पण ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी कडेला जागा आणि खुर्च्या, आणि तिथवर पायऱ्यांशिवाय वाट. समोरून. हे सगळीकडे, मी येवो न येवो. हे झालं नाही तर गाणार नाही म्हण. तुला म्हणता येतं, तू म्हटलेलं आहेस.

ते झालं की मी तिकीट काढून येईन. मला हाक मारू नकोस. माझ्याकडे बघून हसू नकोस, माझं नाव घेऊ नकोस, माझ्यासाठी गाऊ नकोस. ज्यांनी पैसे भरलेत त्या सगळ्यांसाठी गा, त्यात मी असेन. चांगलं गायलीस तर मान डोलावीन. आणि नाही रंगलं, तर मध्यंतरात निघून जाईन, लोक जातात तशी. मग रात्री फोन करून विचार, का गेलीस म्हणून. तेव्हा सांगेन तुला, कुठे सूर हलला ते.

सुलू